न्यूयॉर्कच्या खुनांचा जमाखर्च

इ. स. १९९१ च्या उन्हाळ्यांतील गोष्ट. आमच्या वडील बंधूंच्या मुलास न्यूयॉर्क येथील एका विद्यापीठांत शिष्यवृत्ति मिळाली व घरांत पेढे वांटले गेले. परंतु तिसऱ्याच दिवशीं एका हितचिंतकांनीं एक इंग्रजी साप्ताहिक आणून ओसरीवर ठेवलें. त्यांत त्या शहराचें वर्णन असून, मागील एका वर्षांत तेथें दोन हजारांहून अधिक माणसांचे खून झाले, हा आंकडा ठळक टाइपांत छापलेला होता. माईंना, म्हणजे आमच्या मातोश्रींना, इंग्रजी येत नसे. पण घरांतील एका उत्साही नातवानें तो मजकूर त्यांना मराठींत वाचून दाखविला. त्या रात्रीं त्यांनीं जेवणास हात लावला नाहीं. "शिकावयाचें असेल तर मुंबईस शिकूं दे, मारेकऱ्यांच्या गांवीं माझा नातू जावयाचा नाहीं," असें त्यांनीं निक्षून सांगितलें. अण्णांनीं चार दिवस त्यांची समजूत घातली, तेव्हां कोठें त्या मुलाच्या हातावर दही पडलें.

त्याच वर्षीं वैशाखांत आमच्या चुलतबंधूंच्या मुलीचें लग्न झालें होतें. स्थळ आमच्याच गांवांतलें, चार आळ्या ओलांडून. घराणें नांवाजलेलें, मुलगा पदवीधर, वाडा स्वतःचा. तिच्या जिवाची काळजी करण्याचें कारण आमच्यापैकीं कोणासही दिसलें नाहीं. या दोन मुलांची हकीकत शेवटीं पुन्हां सांगावी लागेल. तोंवर वाचकांनीं आमच्यासह त्या दूरच्या शहराची वही चाळावी, अशी विनंति आहे.

विषय अशुभ आहे, हें आम्ही जाणतों. दिवेलागणीच्या वेळीं अशा गोष्टी बोलूं नयेत, असें आमच्या घरांत अद्यापि मानतात. परंतु ज्या घरांतील मुलें-मुली शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं मोठमोठ्या शहरीं जातात, त्या घरांतील वडील मंडळींनीं या भयाचें माप एकदां नीट घेतलेलें बरें. माप न घेतलेलें भय भलत्याच दाराशीं जाऊन बसतें, असा निदान आमचा तरी अनुभव आहे.

प्रथम आंकडे पाहूं. इ. स. १९९० सालीं न्यूयॉर्क शहरांत २,२४५ खून झाले. त्या वर्षींच्या खानेसुमारीप्रमाणें शहराची वस्ती सुमारें ७३ लक्ष होती. म्हणजे दर लाख माणसांमागें तीसांहून अधिक खून पडले. त्याच्या सत्तावीस वर्षें अगोदर, १९६३ सालीं, हाच आंकडा ५४८ होता. आणि त्यानंतर सत्तावीस वर्षांनीं, २०१७ सालीं, तो २९२ वर आला. शहराची वस्ती तर तोंपर्यंत ८४ लक्षांच्या वर गेली होती. दर लाखामागें साडेतीनच्या आसपास, असें हें प्रमाण पडतें. ज्या शहराच्या नुसत्या नांवानें माईंच्या घशाखालीं घांस उतरेना, त्या शहरांतील हा धोका एका पिढीच्या आंत नऊ हिश्श्यांतील आठ हिश्श्यांनीं कमी झाला. माणसें इतक्या अवधींत साधु होत नसतात. मग बदललें तें काय, हा प्रश्न उरतोच.

असा चढउतार त्या शहरास नवा नाहीं. एरिक मॉन्कोनेन या अमेरिकन इतिहासकारांनीं न्यूयॉर्कच्या दोनशें वर्षांतील खुनांचा हिशेब जुन्या दप्तरांतून व वर्तमानपत्रांतून जुळविला आणि २००१ सालीं तो ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. त्यांत असें दिसून येतें कीं, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास खुनांची एक मोठी लाट येऊन गेली. त्याच काळांत, १८६३ च्या जुलै महिन्यांत, सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध दंगे होऊन शंभरांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. पुढें शतकाच्या अखेरीस ही लाट ओसरली. नव्या शतकांत ती पुन्हां चढली, दारूबंदीच्या काळांत वर गेली, आणि १९४० नंतर पुष्कळ वर्षें शहर त्या मानानें शांत राहिलें.

येथें एका प्रचलित समजुतीची परीक्षा होते. गरिबी व गर्दी वाढली कीं खून वाढतात, असें आपण सहज बोलून जातों. परंतु शतकाच्या अखेरीस, जेव्हां युरोपांतून आलेलीं गरीब कुटुंबें एकेका अंधाऱ्या खोलींत दहा-दहा माणसें कोंबून राहत होतीं, तेव्हां खुनांचें प्रमाण उतरलेलें होतें. तसेंच १९२९ नंतरच्या महामंदींत लक्षावधि लोक बेकार झाले. पण १९३३ सालीं दारूबंदी उठली आणि त्यानंतर अमेरिकेंतील खुनांचें प्रमाण घटूं लागलें. बेकारी मात्र कायमच होती. गरीब मनुष्य हा उपजत मारेकरी असतो, असें म्हणणाऱ्यांस या वहींत आधार सांपडत नाहीं. उलट, लंडनशीं तुलना करून याच इतिहासकारांनीं असें दाखविलें आहे कीं, दोन शतकें न्यूयॉर्कचें प्रमाण लंडनच्या निदान पांचपट राहिलें. गरिबी व गर्दी लंडनांत कांहीं कमी नव्हती.

आंकड्यांवर विसंबण्यापूर्वी ते कसे मांडतात हेंही पाहिलें पाहिजे. ११ सप्टेंबर २००१ रोजीं त्या शहरांतील दोन उत्तुंग मनोरे विमानें आदळून पाडण्यांत आले व पावणेतीन हजार माणसें ठार झालीं. परंतु त्या वर्षाचा शहराचा खुनांचा आंकडा सुमारें साडेसहाशें असाच सांगितला जातो. त्या दिवसाचे मृत्यु वेगळे मांडलेले आहेत. एखाद्यास गोळी लागून तो अंथरुणास खिळला आणि वीस वर्षांनीं त्याच जखमेच्या परिणामानें वारला, तर तो खून वीस वर्षांपूर्वींच्या नव्हे, तर मृत्यूच्या वर्षाच्या खात्यावर पडतो. म्हणजे आजच्या आंकड्यांत कांहीं भाग जुन्या पापाचाही असतो.

याहून महत्त्वाची गोष्ट वैद्यकाची आहे. जखमी माणूस वांचला तर तो गुन्हा खुनाच्या रकान्यांत जात नाहीं. रक्तपेढ्या, जंतुघ्न औषधें, तत्काळ धांवून येणारी रुग्णवाहिका आणि अपघाती जखमांसाठीं खास सिद्ध असलेलीं शस्त्रक्रियागृहें यांमुळें पूर्वीं जो खात्रीनें मेला असता तो आज घरीं परत जातो. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत असें अनुमान काढलें होतें कीं, १९६० नंतरची वैद्यकीय प्रगति झाली नसती तर त्या देशांतील खुनांची संख्या कित्येक पटींनीं अधिक भरली असती. तेव्हां खून घटले याचा अर्थ हाणामारी तितक्याच प्रमाणांत घटली, असा सरसकट घेऊं नये. कांहीं श्रेय डॉक्टरांचें आहे.

आतां १९९० च्या शिखराकडे वळूं. न्यूयॉर्कची उतरती कळा त्यापूर्वीं पंचवीस वर्षें सुरू झाली होती. कारखाने व बंदरांतील कामें शहर सोडून गेलीं. त्यांच्यामागें मध्यम स्थितींतील कुटुंबें उपनगरांत गेलीं. हेरॉइनचें व्यसन पसरलें. १९७५ सालीं तर नगरसंस्थेचें दिवाळें वाजण्याची वेळ येऊन हजारों पोलिसांस कामावरून काढावें लागलें. अशा खिळखिळ्या झालेल्या शहरांत १९८४-८५ च्या सुमारास 'क्रॅक' नांवाचा कोकेनचा एक स्वस्त प्रकार आला. चिलमीसारखा ओढून क्षणांत नशा देणारी व थोडक्या पैशांत मिळणारी ही वस्तु रस्त्याच्या कोपऱ्यांवर विकली जाऊं लागली, आणि विकणारे बहुधा मिसरूड फुटलेले पोरगे असत.

हा व्यापार खुनास कसा कारण होतो, हें नीट समजून घेण्यासारखें आहे. आपल्या गांवचा किराणा दुकानदार उधारी बुडाली तर दिवाणी दावा लावतो. शेजारच्या दुकानदारानें गिऱ्हाईक फोडलें तर कुरकुरतो. पण निषिद्ध वस्तूच्या व्यापाऱ्यास कोर्टाचा दरवाजा बंद असतो. कोपरा कोणाचा, पैसे कोणीं बुडविले, माल कोणीं पळविला, याचा निवाडा तेथें पिस्तुलानें होतो. एकानें पिस्तूल बाळगलें म्हणजे दुसऱ्यास बाळगावें लागतें; आणि दोघांच्या कमरेस पिस्तूल आलें म्हणजे मग कोपऱ्याचा वाद नसतांही, नुसत्या धक्काबुक्कीवरून किंवा वांकड्या नजरेवरून जीव जाऊं लागतो. पूर्वीं ज्या भांडणांत नाक फुटत असे, त्यांत आतां मुडदा पडूं लागला. मरणारे व मारणारे यांत तरुण पुरुषांचाच भरणा अधिक होता, आणि ते बहुधा एकाच वस्तींतले असत.

ही वस्तीची बाब आमच्या घरच्या भयाशीं निकट संबंध ठेवते. शहराचा आंकडा एक असला तरी तो शहरभर सारखा पसरलेला नसतो. ब्रुकलिन भागांतील ईस्ट न्यूयॉर्क नांवाच्या वस्तीचें जें पोलीसठाणें, त्याच्या एकट्याच्या हद्दींत १९९३ सालीं शंभराहून अधिक खून झाले. दुसऱ्या कित्येक संपन्न वस्त्यांत वर्षाकाठीं एखाद-दुसराही कठीण. आमचा पुतण्या ग्रंथालय व वसतिगृह यांमध्यें येरझारा घालीत होता. ज्या माउलीस खरोखर जेवण सुचूं नये, ती ईस्ट न्यूयॉर्कमध्यें राहत होती. तिच्या मुलाविषयीं त्या साप्ताहिकानें एक ओळही लिहिलेली नव्हती.

आणि मग उतार आला. याचें श्रेय कोणाचें, यावर तेथें आजही वाद चालतो. १९९१ सालीं महापौर डेव्हिड डिन्किन्स यांच्या कारकीर्दींत पोलीसदल वाढविण्याचा कायदा झाला. १९९४ सालीं महापौर रुडॉल्फ जुलियानी आले. त्यांचे पोलीस कमिशनर विल्यम ब्रॅटन यांनीं 'कॉम्पस्टॅट' नांवाची पद्धति सुरू केली. प्रत्येक ठाण्याच्या हद्दींत गुन्हे कोणत्या चौकांत व कोणत्या प्रहरीं झाले, हें नकाशावर मांडावयाचें आणि त्या त्या ठाणेदारास वरिष्ठांपुढें उभें करून जाब विचारावयाचा, असा तिचा प्रकार. १९९० सालीं २,२४५ असलेले खून १९९८ सालीं साडेसहाशेंच्या आंत आले. फ्रँकलिन झिम्रिंग या कायदेपंडितांनीं या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला असून, पोलिसांच्या नव्या पद्धतींस त्यांनीं कांहीं श्रेय दिलें आहे. न्यूयॉर्कमधील घट सर्व देशांतील घटीपेक्षां अधिक खोल व अधिक काळ टिकणारी ठरली, आणि ती कैद्यांची संख्या वाढवीत न नेतां साधली, हें त्यांनीं विशेषेंकरून दाखविलें आहे.

परंतु त्याच वेळीं, जेथें असे पोलीस-अधिकारी नव्हते अशा इतर अमेरिकन शहरांतही खून घटले, ही गोष्ट विसरून चालणार नाहीं. क्रॅकचा बाजार रस्त्यावरून घराआड गेला. शिवाय कांहीं अभ्यासक असें सांगतात कीं, थोरल्या भावांची वाताहात डोळ्यांनीं पाहिलेल्या धाकट्यांनीं त्या व्यसनाकडे पाठ फिरविली. हें कारण आम्हांस विशेष विचार करण्यासारखें वाटतें. कारण त्यांत सरकारचा हात नाहीं, घरांतल्या घरांत शिकलेला धडा आहे.

श्रेय घेण्याच्या घाईंत केवढी चूक होते, याचेंही उदाहरण याच वहींत आहे. पुढील काळांत तेथील पोलीस संशयावरून वाटसरूंस अडवून त्यांची झडती घेऊं लागले. २०११ या एका वर्षांत अशा अडवणुकी ६,८५,७२४ झाल्या. अडविलेले बहुतेक कृष्णवर्णी व लॅटिन अमेरिकन तरुण होते, आणि दहांतील जवळजवळ नऊ निरपराध म्हणून सोडून द्यावे लागले. ही पद्धति थांबविली तर रस्त्यांतून रक्ताचे पाट वाहतील, असें तिचे पुरस्कर्ते म्हणत. २०१३ सालीं संघीय न्यायालयानें ती ज्या रीतीनें चालली होती ती घटनाबाह्य ठरविली. २०१५ पर्यंत अडवणुकी पंचवीस हजारांच्या आंत आल्या. खून मात्र २०११ सालीं ५१५ होते ते २०१७ सालीं २९२ झाले. लक्षावधि निरपराध मुलांना भर रस्त्यांत भिंतीकडे तोंड करून उभें केलें, त्याचा हिशेब मात्र कोणत्या रकान्यांत मांडावा?

उतारही कायमचा नसतो. २०१९ सालीं ३१९ असलेला आंकडा २०२० च्या महामारींत ४६८ वर व पुढील वर्षीं ४८८ वर गेला. त्या एका वर्षांत साऱ्या अमेरिकेंतच खून शेंकडा तीसांच्या जवळपास वाढले. शाळा, दवाखाने, मंडळें, कोर्टें हे रोजचे आधार एकदम निखळले आणि पिस्तुलांची विक्री वाढली, तेव्हां पूर्वींचीच वाट पुन्हां रुळूं लागली. पुढें तो आंकडा परत उतरत गेला व २०२४ सालीं चारशेंच्या आंत आला.

येथवर रस्त्यावरचे खून झाले. आतां जी बाब आम्हांस या मासिकाच्या वाचकांपुढें मुख्यतः मांडावयाची आहे तिच्याकडे येतों. फिनलंडमधील वेली वेर्को नांवाच्या आंकडेशास्त्रज्ञानें एक नियम फार पूर्वीं नोंदवून ठेवला आहे. एखाद्या समाजांत खुनांचें प्रमाण चढतें-उतरतें तें मुख्यतः पुरुषांनीं पुरुषांच्या केलेल्या खुनांमुळें. घरांतल्या घरांत होणारे खून, आणि त्यांत बळी पडणाऱ्या स्त्रियांची संख्या, यांत त्या मानानें फरक कमी पडतो. म्हणून शहर जसजसें शांत होतें, तसतसा एकंदर खुनांत घरगुती खुनांचा वांटा वाढत जातो. न्यूयॉर्कमध्यें अलीकडे कुटुंबांतील किंवा निकट संबंधांतील खुनांची संख्या वर्षाकाठीं साठीच्या आसपास राहत आलेली आहे. दोन हजारांच्या डोंगरांत साठ खून कोणाच्या दृष्टीस पडले नसते; तीनशेंच्या ढिगांत साठ म्हणजे पांचांतील एक. रस्त्यावरची आरडाओरड थांबली, तेव्हां घरांतील हुंदका ऐकूं येऊं लागला. २००५ सालीं त्या शहरानें घरगुती खुनांच्या अभ्यासासाठीं एक कायमची समितीच नेमली.

रस्ता व घर यांतील ही भिंत किती पातळ आहे, हें त्या १९९० सालानेंच दाखवून दिलें होतें. त्या वर्षीं २५ मार्च रोजीं ब्राँक्स भागांतील 'हॅपी लँड' नांवाच्या नाचगृहास आग लागून ८७ माणसें मेलीं. त्यांत टोळी नव्हती, क्रॅकचा व्यापार नव्हता, पिस्तूलही नव्हतें. एका मनुष्याचें, त्याला सोडून गेलेल्या व तेथें नोकरीस असलेल्या स्त्रीशीं भांडण झालें; त्याला बाहेर काढण्यांत आलें; त्यानें एका डॉलरचें पेट्रोल आणून दाराशीं ओतलें व काडी लावली. ती स्त्री वांचली. "मला सोडून जातेस काय?" या एका प्रश्नाचें उत्तर सत्त्याऐंशी परक्या जीवांस द्यावें लागलें.

अशा खुनांवर पोलिसांचा पहारा फारसा चालत नाहीं. मग उपाय काय? अमेरिकन सरकारच्या न्यायविषयक आंकडे गोळा करणाऱ्या खात्यानें प्रसिद्ध केलेल्या माहितींत एक विलक्षण गोष्ट आढळते. १९७६ सालीं त्या देशांत नवऱ्याच्या, घटस्फोटित पतीच्या किंवा प्रियकराच्या हातून सुमारें १,६०० स्त्रिया मेल्या, आणि स्त्रियांच्या हातून तसेच सुमारें १,३५० पुरुष. पुढील वीस-बावीस वर्षांत छळ होणाऱ्या स्त्रियांसाठीं जागोजाग आश्रयगृहें उघडलीं, रात्रीं-अपरात्रीं साह्य मागण्याची दूरध्वनीची सोय झाली, घटस्फोट सुलभ झाला. १९९८ सालीं अशा रीतीनें मेलेल्या स्त्रिया सुमारें १,३०० भरल्या. पुरुष मात्र सुमारें ५०० वर आले. आश्रयगृहें उघडलीं स्त्रियांसाठीं. जीव अधिक वांचले पुरुषांचे! अभ्यासक याचा उलगडा असा करतात कीं, पूर्वीं ज्या स्त्रीस पळून जावयास दारच नव्हतें, ती अखेर जिवावर उदार होऊन हातीं सांपडेल त्या शस्त्रानें वार करी. दार सांपडल्यावर ती निघून जाऊं लागली. पण सोडून गेलेल्या स्त्रीचा पाठलाग करणारा पुरुष तितक्या प्रमाणांत बदलला नाहीं.

आपल्याकडेही वहीची मांडणी पाहून वाचावी लागते. मुंबईकर वाचकांस १९९७ साल आठवत असेल. जानेवारींत कामगार-पुढारी दत्ता सामंत व ऑगस्टांत चित्रपट-संगीताच्या व्यवसायांतील गुलशन कुमार भर दिवसां मारले गेले, तेव्हां घरोघर दुसरा विषय नव्हता. १९९९ सालीं राज्यानें संघटित गुन्हेगारीविरुद्ध खास कायदा केला. पुढें टोळ्यांच्या गोळीबाराच्या बातम्या विरळ झाल्या आणि आपण सुटकेचा श्वास टाकला. परंतु त्या सर्व काळांत दुसरी एक वही चालूच होती. दंडविधानांत १९८६ सालीं हुंडाबळीचें ३०४-ब हें कलम घालण्यांत आलें. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेंत तें ८० वें कलम झालें आहे. लग्नापासून सात वर्षांच्या आंत हुंड्यासाठीं छळ होऊन स्त्रीचा अनैसर्गिक मृत्यु झाला, तर तो या सदरांत नोंदवितात, खुनाच्या नव्हे. २०२२ सालीं सर्व देशांत खुनाच्या २८,५२२ नोंदी झाल्या आणि हुंडाबळीच्या ६,४५०. यांतली दुसरी संख्या "देशांतील खून" अशा मथळ्याखालीं कोणी छापीत नाहीं.

आतां त्या दोन मुलांची हकीकत. आमचा पुतण्या न्यूयॉर्कमध्येंच स्थायिक झाला. त्या सर्वांत वाईट म्हणविलेल्या वर्षांतही त्याच्या अंगास ओरखडा आला नाहीं.

पुतणी मात्र १९९२ च्या भाद्रपदांत, गौरी यावयाच्या आदल्या दिवशीं, एक पिशवी घेऊन माहेरीं आली. कारण विचारलें तर नुसती मान खालीं घाली. चुलतबंधु म्हणाले, "सणासुदीस अशी आली तर चार लोक काय म्हणतील? कोणी वडील माणसानें समजूत घालून पोंचवावें." त्या कामगिरीवर आम्हीच गेलों. त्या वाड्याच्या दाराशीं तिला सोडून, सासऱ्यांशीं दोन गोड शब्द बोलून व चहा घेऊन आम्ही परतलों. आणि एक अवघड काम शहाणपणानें पार पाडलें, असें समाधानही मानलें.

दोन महिन्यांनीं ती पुन्हां आली, तीही रात्रीं आणि पायांत चप्पल नसतांना. या खेपेस माईंनीं तिला आपल्या खोलींत नेलें व आंतून कडी लावली. सकाळीं बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "ही आतां परत जावयाची नाहीं. तिला पोंचवावयास जो निघेल त्यानें या घरांत पुन्हां पाऊल टाकूं नये." कारण त्यांनीं सांगितलें नाहीं. पुष्कळ वर्षांनीं, माई गेल्यावर, पुतणीनेंच तें सांगितलें. माळ्यावरचा रॉकेलचा डबा दोन दिवस स्वयंपाकघराच्या दारामागें आणून ठेवलेला तिनें पाहिला होता, आणि घरांत स्टोव्ह तर गॅसवर चालत असे. भाद्रपदांत आम्ही तिला घेऊन निघालों, तेव्हांही कांहीं सांगावें असें तिच्या मनांत होतें. पण आम्ही वाटभर तिला सहनशीलतेचे फायदे समजावीत होतों.

ती पुढें शिकली, शाळेंत शिक्षिका झाली. दोन हजार खुनांच्या गांवीं गेलेल्या मुलाची चिंता आम्ही केली. चार आळ्यांपलीकडच्या मुलीस मात्र आम्ही स्वतःच्या पायांनीं चालत नेऊन सोडलें. ही चूक आंकड्यांच्या अज्ञानानें झाली, असें म्हणून आम्हांस सुटतां येणार नाहीं.

तेव्हां वाचकांस दोन विनंत्या. एखाद्या शहराचा खुनांचा आंकडा वाचाल, तेव्हां वस्ती किती, मोजणी कशी, आणि मेले ते कोण व कोठले, एवढें विचारल्यावांचून मुलांची वाट अडवूं नये. आणि ज्यांची मुलगी सासरीं आहे त्यांनीं, तिचें कितीही बरें चाललें असलें तरी, तिला एकदां स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावें कीं, या घराचें दार कोणत्याही वेळीं उघडेल व तिला कोणी पोंचवावयास निघणार नाहीं. लग्नाच्या दिवसांत असें बोलणें अशुभ वाटतें. आम्हांसही वाटलें होतें.